रिस्पाचा निखारा

मंडळी, इथे थांबा. हाच तो खडक. फोटो नंतर काढा, खडक काही पळून जात नाही. मधोमध जी काळी जागा दिसते आहे ती शेवाळाची नाही, आणि कुणी इथे कोंबडी भाजलेली नाही. मागे मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी तसं विचारलं होतं म्हणून आधीच सांगून टाकते. ती निखाऱ्यांची जागा आहे. भातकापणी आटोपली की पहिल्या शनिवारी इथे निखारे मांडतात. गावातल्या प्रत्येक घरातला एक पुरुष येतो, खडकासमोर उभा राहून दोन शब्द बोलतो आणि खापरीत निखारा घेऊन घरी जातो. बाईला पाठवून चालत नाही. पुरुषानेच यायचं असतं.

माझं नाव रिस्पा म्हात्रे. नाव ऐकून तुमच्यातले दोघेतिघे हसले, ते मी पाहिलं. आगरी बाई, कपाळाला कुंकू, आणि नाव हे असलं. शाळेत घातलं तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते की असं नाव नसतं, आपण रेखा लिहू. माझ्या आजीने त्यांना तिथल्या तिथे सुनावलं की पोरगी आमची आहे आणि नावही आमचं आहे, तुम्ही फक्त लिहा. पुढे त्याच शाळेत मी मास्तरीण झाले. आमच्या घरात प्रत्येक पिढीत एक रिस्पा असते. हे नाव हिब्रू आहे, शास्त्रातलं आहे, आणि ते आमच्या घरात कसं आलं ते या खडकाला ठाऊक आहे.

तर हे शिरखाजण गाव. समोर खाडी, मध्ये हा बांध, बांधाच्या अलीकडे भातशेती. खाजण म्हणजे खाडीकडून हिसकावून घेतलेली जमीन. बांध आहे तोवर ती आपली, बांध गेला की खाडीची. तेव्हा गावात आगऱ्यांची घरं होती, थोडी मुसलमानांची होती, आणि पलीकडे तेल्यांची आळी होती. हे तेली म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले यहुदी, तुम्हाला नवं नाही, तरी सांगते. त्यांचे वाडवडील गलबत फुटून या किनाऱ्याला लागले, असं सांगतात. माणसं वाचली, पोथ्या बुडाल्या. मग जे डोक्यात राहिलं तेवढं त्यांनी जिवापाड जपलं. मुलग्यांची सुंता, खवल्यांचाच मासा, ‘शेमा’ची प्रार्थना, आणि सगळ्यांत कडक त्यांचा शनिवार. सहा दिवस घाणा फिरायचा. सातव्या दिवशी बैलाच्या मानेवरही जू नाही आणि घरात विस्तवाला हात नाही. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. म्हणणाऱ्यांना त्यात चेष्टा वाटे, त्यांना वाटत नसे.

त्या आळीत आकुबाई नावाची विधवा होती. तिला दोन मुलगे, हसाजी आणि शमाजी. घाणा तेच चालवत. बांधाच्या पायथ्याशी आमच्या म्हात्र्यांची बायजा राहायची, नवरा आणि लहान मुलांसह. आकुबाईचं आणि तिचं जाणंयेणं होतं. तेल देणं, भात देणं, एकमेकींच्या चुलीतून विस्तव नेणं, शेजारधर्म म्हणतात तो.

आणि एक खोत होता. त्याचं नाव मला माहीत आहे, गावातल्या पोरासोरांनाही माहीत आहे, पण या खडकापाशी ते घेत नाहीत. या खोताने नवं घर बांधायला काढलं. जोत्याला घडीव दगड हवा होता. दगड लांबून आणायचा म्हणजे कष्ट, आणि बांधाच्या आतल्या अंगाला तर चांगला बसवलेला दगड होता. खोताने तो काढून नेला. वरून माती लिंपून घेतली. गाव बघत होतं. खोताला विचारायचं कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर जितके पुढे आले होते, तितके लोक पुढे आले.

भात पिवळं झालं होतं, कापणी चार दिवसांवर आली होती, तेव्हाची गोष्ट. पुनवेचं उधाण आलं आणि जिथला दगड नेला होता, नेमका तिथेच बांध पाझरू लागला आणि बघता बघता भगदाड पडलं. वार शनिवार. बायजाने आधी पाहिलं. तिच्या घराच्या भिंतीला पाणी लागलं होतं आणि मुलं आत होती. ती बोंब मारत सुटली. खोताकडे गेली तर खोत जेवून झोपला होता, उठवायचं नाही असा हुकूम होता. मग ती तेल्यांच्या आळीत आली. आकुबाई मुलांसह ओटीवर बसली होती. शनिवारी ती माणसं बसतातच. असं सांगतात की हसाजीने आईकडे पाहिलं, आणि आईने आज वार कोणता हे काढलंसुद्धा नाही. ती एवढंच म्हणाली, “जा.”

दोघे भाऊ तेली होते. त्यांच्याकडे दगड नव्हते, पेंड होती. घाण्यातून तेल निघाल्यावर जो चोथा उरतो तो, गोण्या भरून. त्यांनी त्या गोण्या पाठीवर मारल्या आणि भगदाडात नेऊन रचल्या. पेंडीला पाणी लागलं की ती फुगते. गोण्या फुगल्या, एकमेकींना घट्ट बसल्या आणि पाणी थांबलं. बायजाची मुलं निघाली, गुरं निघाली, अर्ध्याहून अधिक शेती वाचली. शेवटची गोणी ते लावत होते तेव्हा बाजूची माती खचली आणि दोघे तिच्याखाली गेले. ओहोटीला चिखलातून काढले तेव्हा शमाजीच्या मुठीत गोणीची दोरी तशीच होती म्हणे.

आता इथून पुढे मला शांतपणे सांगता येत नाही. माझ्या आजीलाही येत नसे.

बांध का फुटला, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी निघणारच होता. निघायच्या आत खोताने उत्तर देऊन टाकलं. म्हणाला, काल बांधावरचा पहारा तेल्यांचा होता, त्यांनी आपला शनिवार पाळला, पाठ फिरवून बसले, म्हणून बांध फुटला. पहारा तेल्यांचा नव्हता. गोण्या भगदाडात सगळ्यांना दिसत होत्या. पण खोताने हुकूम केला की या दोघांना माझ्या हद्दीत माती मिळणार नाही, या खडकावर पडू देत, म्हणजे बाकीच्यांना कळेल. चोर तो चोर, वर शिरजोर, ही म्हण आमच्या गावाने अशी शिकली.

आकुबाई आपल्या जमातीकडे गेली. जमातीचा प्रमुख मोशाजी मुकादम. कबरस्तान जमातीचं होतं, खोताच्या हद्दीबाहेर. मुकादमाने होय म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी मुलांना माती मिळाली असती. मुकादम वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. भित्र्या माणसाला एखादा नियम सापडला की त्याला फार बरं वाटतं. मुकादमाला सापडला. तो म्हणाला, मुलांनी शनिवारी गोण्या वाहिल्या, शनिवार मोडला. शनिवार मोडणाऱ्याला आपल्या लोकांच्या शेजारी पुरता येत नाही.

बघा म्हणजे. पोथ्या बुडाल्या तेव्हा शनिवार लक्षात राहिला, पण तो माणसासाठी आहे हे पोथीबरोबर बुडालं. ज्यांच्याकडे पोथ्या होत्या त्यांनी ही चूक केली नसती, आणि ज्यांना शनिवार ठाऊकच नाही त्यांनीही केली नसती.

आकुबाई रडली की नाही, ते कोणी सांगत नाही. ती मुकादमाच्या अंगणात उभी राहून जे बोलली ते मात्र सगळे सांगतात. ती म्हणाली, “खोत म्हणतो पोरांनी शनवार पाळला. तुम्ही म्हणता पोरांनी शनवार मोडला. आधी दोघं एका जागी बसा आणि माझ्या पोरांचा एकच काय तो गुन्हा ठरवा. तोवर मी त्यांच्यापाशी बसतंय.”

आणि ती इथे येऊन बसली. घाण्यावरचं गोणपाट तिने खडकावर अंथरलं, मुलांना आपल्या लुगड्यांनी झाकलं आणि घमेल्यात निखारे घेऊन मध्ये बसली. दिवसा घारी आणि गिधाडं यायची, अंधार पडला की कोल्हे. ती काठीने हाकलायची, निखारे फेकायची, जळतं लाकूड फिरवायची. भरतीबरोबर कुर्ल्या खडकावर चढायच्या, त्यासुद्धा तिने वेचून पाण्यात टाकल्या. गाव खाली भात कापत होतं. जे भात तिच्या मुलांनी वाचवलं होतं, तेच. मान खाली घालून कापत होते, एवढं मात्र खरं.

पहिला शनिवार आला. त्यांचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो, त्याआधी आकुबाईने घमेलं दूर सारलं आणि हात मांडीवर ठेवले. विस्तव पेटवायचा नाही, शिवायचा नाही. ज्या शनिवारपायी मुलांना माती नाकारली, तोच शनिवार ती मुलांच्या मढ्यांशेजारी बसून पाळत होती. मुकादम आपल्या ओटीवरून हे बघत होता म्हणे. कोल्हे जवळ आले. तेव्हा बायजा खडकावर चढली, घमेलं आपल्याकडे ओढलं आणि म्हणाली, “तू तुजा शनवार पाल. इस्तव मी बघतंय.”

ही माझी पूर्वज. तिच्या शब्दांत मी एक अक्षरही बदलत नाही.

त्यानंतर दर शनिवारी बायजा यायची. खोताला ते कळलं. त्याने दवंडी पिटली की त्या बाईला कोणी विस्तव द्यायचा नाही, अन्न द्यायचं नाही. बायजा दुसऱ्या दिवशीही निखारे घेऊन गेली. मग खोताच्या माणसांनी तिचं घर पाडलं. जे घर उधाणाला पडलं नाही, ते त्यांनी पाडलं. बायजाने नवऱ्याला आणि मुलांना बहिणीकडे धाडलं आणि आपण खडकावर येऊन राहिली. आता दोघी झाल्या.

घर पाडलं त्या दिवशी गावातल्या बायकांचं काहीतरी बिनसलं. कोणी सभा घेतली नाही, कोणी शपथ घेतली नाही. आगरी बायका, मुसलमान बायका, तेल्यांच्या बायका, मुकादमाची स्वतःची बायको, एकेकीने घरातल्या चुलीत पाणी ओतलं. नवऱ्यांनी विचारलं तर म्हणाल्या, विस्तव द्यायचा नाही ना, मग कुणालाच नाही. त्या पोरांना माती मिळेल तेव्हा चूल पेटेल. पुरुषांनी आधी दमदाटी केली. मग कोरडे पोहे खाल्ले. मग पोहेही संपले. इतके दिवस ज्यांना न्याय दिसत नव्हता, त्यांना तो रिकाम्या पोटी अगदी स्वच्छ दिसू लागला. मी हे हसण्यासाठी सांगत नाही. मला त्याचा आजही राग येतो.

त्या सुमारास कोचीकडचे एक गुरुजी किनाऱ्याने फिरत होते. बेने इस्राएलांना त्यांचं विसरलेलं शास्त्र पुन्हा शिकवावं म्हणून ते गावोगाव जात. मुकादम त्यांना शेजारच्या गावाहून घेऊन आला. त्याला वाटलं, मोठा शास्त्र जाणणारा माणूस आहे, बाईला समजावून उठवील. गुरुजी खडकाशी आले. अंथरलेलं गोणपाट पाहिलं, झाकलेली मुलं पाहिली, काठी पाहिली. वास असा होता की मुकादमाने नाकाला उपरणं लावलं होतं. गुरुजींनी लावलं नाही. त्यांनी तिचं नाव विचारलं. ती म्हणाली, नावाचं काय करता, पोरांना माती द्या.

तेव्हा गुरुजी खडकाच्या कडेला खाली बसले आणि त्यांनी तिला शास्त्रातल्या एका बाईची हकीकत सांगितली. शौल राजाची एक उपपत्नी होती, अय्याची मुलगी, रिस्पा. शौल मेला, दाविद राजा झाला. पुढे दुष्काळ पडला. शौलाच्या जुन्या अपराधामुळे पडला असं ठरलं, आणि ज्यांचा अपराध त्याने केला होता त्यांनी त्याच्या वंशातली सात माणसं मागितली. दाविदाने दिली. त्यांत रिस्पाची दोन्ही मुलं होती. त्यांनी काय केलं होतं? काही नाही. जवाच्या कापणीच्या दिवसांत त्यांना डोंगरावर फाशी दिलं आणि तसंच ठेवलं. रिस्पाने गोणपाट घेतलं, खडकावर अंथरलं, आणि कापणीपासून पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना त्या सातांजवळ येऊ दिलं नाही. अख्ख्या शास्त्रात ती एक शब्द बोलत नाही. तिच्यावरून पुरुष भांडतात, तिची मुलं पुरुष देऊन टाकतात, आणि तिच्या तोंडी वाक्य नाही. पण ती खडकावर बसली हे राजाच्या कानावर गेलं, आणि राजाला लाज वाटली. त्याने अस्थी गोळा करवल्या, शौलाच्याही लांबून आणवल्या आणि रीतीने पुरल्या. त्यानंतर देशावरची अवकृपा सरली, असं लिहिलं आहे. मुलं मारली तेव्हा नाही, त्यांना माती दिली तेव्हा.

आकुबाईने विचारलं, त्या बाईच्या नावाचा अर्थ काय. गुरुजी म्हणाले, निखारा. आणि त्यांनी सांगितलं की शास्त्रात आणखी एके ठिकाणी असाच निखारा येतो. देवाचा दूत वेदीवरून चिमट्याने निखारा उचलतो आणि एका संदेष्ट्याच्या ओठांना लावतो. आपले ओठ अशुद्ध आहेत असं तो माणूस आधी स्वतः म्हणतो. मग निखारा लागतो, मग दोष जातो.

आकुबाईने हे नीट ऐकून घेतलं. पुढे काय झालं ते त्यामुळेच झालं.

गुरुजी उठले आणि मुकादमाकडे वळले. त्यांनी आवाज चढवला नाही म्हणे. म्हणाले, जीव वाचवायचा असेल तर शनिवार मोडायचा असतो. परवानगी आहे असं नाही, मोडायलाच हवा. ही मुलं घरी बसली असती तर ते पाप झालं असतं. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, तर ठाऊक नाही एवढं म्हणायचं होतं.

मुकादमाचा चेहरा पडला. तिथल्या तिथे माणसं बोलावली, कबरी खणायला लावल्या. सगळा गाव जमला. एवढा गाव पाहून खोताची माणसं बांधावरूनच मागे फिरली. उचलायच्या आधी मुकादम पुढे झाला आणि मोठ्या मनाने म्हणाला, आकुबाई, जमातीने तुझ्या मुलांना माफ केलं आहे.

आकुबाईने काठी आडवी धरली. म्हणाली, “हात लावू नका. माफी तुम्ही द्यायची नाय. तुम्ही मागायची.”

इतके दिवस चूल बंद होती, सगळ्यांना घाई होती. मुकादमाने इकडे तिकडे पाहिलं. बायका हलल्या नाहीत. अखेर तो म्हणाला, आमचं चुकलं. तिने काठी बाजूला केली. मुलांना माती मिळाली, आपल्या बापाच्या शेजारी. त्या कबरी तुम्ही आताच पाहून आलात.

परत येऊन आकुबाई पुन्हा याच जागी उभी राहिली. गावात एकही चूल जिवंत नव्हती, विस्तव फक्त तिच्या घमेल्यात होता. बायका खापऱ्या घेऊन आल्या तर तिने त्यांना मागे लोटलं. तुम्ही कशाला, ज्यांचे ओठ अशुद्ध त्यांना पाठवा, असं ती म्हणाली. मग पुरुष आले. आगरी आले, मुसलमान आले, तेली आले. ज्यांनी दगड जाताना पाहिला आणि तोंड उघडलं नाही, ते सगळे. एकेकाने तोंडाने सांगितलं, आमचं चुकलं, आणि एकेकाला तिने निखारा दिला. कोणी पुटपुटलं तर तिने पुन्हा म्हणायला लावलं. बायजाचं घर गावाने पुन्हा बांधून दिलं, बांधालाही दगड घातला. लोक आकुबाईला रिस्पा म्हणू लागले तेव्हा तिने हटकलं. ती म्हणाली, मी आकुबाईच बरी, हे नाव बायजाला पुढे नात होईल तिला द्या, जिचं घर गेलं तिच्या घरात राहू दे. ते आमच्या घरात असं आलं.

खोताचं काय झालं, हे सगळे विचारतात. अशा गोष्टींत खोतावर वीज पडते, त्याला सर्प डसतो, त्याचा निर्वंश होतो. मलाही तसं सांगायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. त्याने चकमक झाडून आपली चूल पेटवली, बांधाच्या दगडांवर उभ्या असलेल्या घरात राहिला आणि म्हातारा होऊन पलंगावर मेला. घर अजून आहे. जोतं बघायचं असेल तर बसकडे जाताना उजवीकडे दिसेल. त्या घरची माणसं भली आहेत, आमच्या लग्नांना येतात, शाळेला त्यांनी पंखे दिले. पण खडकाचा विषय निघाला की म्हणतात, फार जुनी गोष्ट झाली, किती दिवस उगाळत बसणार?

तेल्यांची आळी आता रिकामी आहे. तुमचे आजे-पणजे मुंबईला गेले, पुढे इस्राएलला गेले. तुम्ही आलात, कबरींवर हात ठेवलात, बरं केलंत. आज कापणीनंतरचा पहिला शनिवार आहे, ते ठरवूनच तुम्हाला बोलावलं. तुमच्यापैकी ज्यांना निखारा घ्यायचा असेल त्यांनी चांदण्या दिसेपर्यंत थांबा. तुमचा शनिवार सुटू द्या, तोवर विस्तव मी बघते. मुकादमाच्या वंशातले एक जण तुमच्यात आहेत, त्यांनी सकाळी हळूच सांगितलं मला. काय म्हणायचं ते त्यांना आता ठाऊक आहे.

आणि ती कडेची खापरी विचारत होतात ना, वेगळी ठेवलेली? ती खोताच्या घरची. आकुबाईने त्या पहिल्या दिवशी खोतासाठी जशी बाजूला काढली होती, तशी आजही आम्ही दर वर्षी सगळ्यांत आधी काढतो, चांगले फुललेले निखारे घालून. दिवसभर वाट बघतो. अजून कोणी आलेलं नाही. संध्याकाळी ती विझते, राख मी या खडकावरच ओतते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरते.